माझ्या आधी पोचलेला आवाज

लोक हिंगोली जिल्ह्यात जातात ते औंढ्याच्या देवदर्शनाला, नाहीतर हळद विकायला. मी गेले ते वैशालीचं काम कसं चाललंय हे बघायला. अजून खरं सांगायचं तर, ते कुठं चालत नाही हे बघायला.

वैशाली आणि मी पुण्यात एकाच सरांकडे पीएचडी करतो. कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून समाजाचे प्रश्न सोडवायचे, असा दोघींचाही विषय. प्रबंधाच्या पहिल्या पानावर हे वाक्य भारदस्त दिसतं. मी सोडवायला घेतलेला प्रश्न म्हणजे हळदीच्या पानावरचा करपा. पानाचा फोटो काढायचा आणि मोबाइलनं रोग सांगायचा. मी सांगलीची, वडिलांची हळदीची अडत, तेव्हा हळद हा माझ्या हक्काचा विषय असं मी धरून चालले होते. मोबाइलला ते मान्य नव्हतं. तो चांगल्या पानाला आजारी ठरवायचा आणि करप्यानं गेलेल्या पानाला शाबासकी द्यायचा.

वैशालीनं प्रश्न घेतला माणसांचा. ती आखाडा बाळापूरची. तिथल्या लोकांसाठी तिनं एक फोन नंबर तयार केला. कुणीही त्यावर फोन करायचा आणि बीप वाजली की आपल्या बोलीत दुखणं सांगायचं. पलीकडे माणूस नसतो, मशीन असतं. ते ऐकलेलं परत म्हणून दाखवतं आणि विचारतं, ‘बरोबर?’ माणूस ‘व्हय’ म्हणाला की त्याचं दुखणं आरोग्य केंद्रातल्या सिस्टरच्या यादीत जाऊन बसतं, तातडीचं असेल तर सगळ्यात वर. मग सिस्टर त्या माणसाला फोन करते.

हे चाललं. नुसतं चाललं असतं तर मी सहन केलं असतं, पण त्याचं नाव झालं. लॅबमध्ये पाहुणे आले की त्यांना आधी तिच्या टेबलापाशी नेलं जायचं आणि चहाच्या वेळी माझ्या. सर येता-जाता म्हणायचे, “वैशालीकडे बघा जरा.” मी बघतच होते. खरं म्हणजे दिवसभर दुसरं काही करत नव्हते.

फेब्रुवारीत सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. वैशालीचं काम जिल्ह्याच्या बाकीच्या तालुक्यांत न्यायचं की इथंच थांबवायचं, हे ठरवायचं होतं आणि त्यासाठी त्यांना तिऱ्हाईत नजर हवी होती. “तू जा, चार दिवस राहा, आणि मोकळेपणानं लिही,” ते म्हणाले. तिचं थांबलं तर लॅबची माणसं पुढच्या वर्षी माझ्या हळदीला देता येतील, हेही ते सहज बोलून गेले. त्यांना वाटलं असेल, मृणाल सरळ मुलगी आहे. मी घरी जाऊन गाणं म्हणत बॅग भरली.

वारंगा फाटा

नांदेडहून एसटीनं निघाले ती वारंगा फाट्याला उतरले. वैशालीनं बजावलं होतं की फाट्यावरची खिचडी खाल्ल्याशिवाय पुढं यायचं नाही, मी स्कूटीवर न्यायला येते. फाट्यावर ट्रक, जीप, केळीच्या गाड्या आणि त्यांच्यामधून वाट काढणारी खिचडीची पातेली. आमच्याकडे खिचडी आजारी माणसाला देतात. इथं धडधाकट ड्रायव्हर गाडी थांबवून, बाह्या सरसावून खिचडी खातात, आणि वर कढी पितात.

“एक प्लेट द्या. कढी वेगळी द्या,” मी हॉटेलवाल्यांना म्हटलं.

त्यांचा झारा हवेतच थांबला. “परत बोला.”

“एक प्लेट खिचडी.”

“तुमाला कुठंतरी ऐकलंय,” ते म्हणाले.

“पाहिलंय म्हणता?”

“न्हाई, पाहिलं न्हाई. ऐकलंय.” मग त्यांनी माझ्या ताटलीत न मागता दोन तळलेल्या मिरच्या जास्त टाकल्या आणि खिचडी संपेपर्यंत माझ्याकडे कान करून उभे राहिले. डोळे वटारून बघणारी माणसं प्रवासात भेटतात, त्यांचं काय करायचं ते मला माहीत आहे. कान वटारणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं, त्यामुळे मी मान खाली घालून मुकाट्यानं जेवले.

तेवढ्यात वैशाली आली. पुण्यात ती मोजून-मापून बोलते, प्रत्येक शब्द इस्त्री करून. मला म्हणाली, “प्रवास नीट झाला ना?” आणि त्याच दमात मान वळवून हॉटेलवाल्यांना, “मामा, हिला लोनचं काहून न्हाई दिलं? माझी मैत्रीण हाय, पुन्याहून येऊन राहिली!” आवाज पूर्ण वेगळा, चढता, हसरा. दोन वर्षं एका खोलीत बसून मी तो एकदाही ऐकला नव्हता. तिच्याकडे दोन बोली होत्या आणि मला तिनं आजवर फक्त पाहुण्यांसाठी ठेवलेली दिली होती. खिचडी उत्तम होती, पण मला ती गोड लागेना.

आखाडा बाळापूर

वैशालीचं घर विहाराच्या गल्लीत, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. तिची आई सुमनकाकू अंगणवाडीत मदतनीस आहेत. दारात “जयभीम, या या” म्हणत त्यांनी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

“नमस्कार काकू, कशा आहात?” मी म्हटलं.

काकूंनी तांब्या परत घेतला, खाली ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग गल्लीकडे वळून ओरडल्या, “अगं ए, या गं! फोनवाली आली!”

आता कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काम सुरू करताना वैशालीला मशीनसाठी सहा-सात वाक्यं कुणाच्या तरी आवाजात हवी होती. ‘नमस्कार. आपल्याला काय त्रास होतो, ते बीपनंतर सांगा.’ ‘बरोबर?’ ‘क्षमस्व, कृपया पुन्हा सांगा.’ असली; त्यांवरून मशीन बाकीचं बोलणंही त्याच आवाजात जुळवणार होतं. वाक्यं तिनंच लिहिली होती. “माझी जीभ घसरते, तुझा आवाज स्वच्छ आहे, तू म्हण ना,” असं म्हणाली, आणि मी एका बन-मस्क्यावर ती म्हणून दिली. मला वाटलं होतं, चाचणीपुरती असतील. ती अख्ख्या कळमनुरी तालुक्यात वाजत होती.

संध्याकाळपर्यंत पडवी भरली. कुणी म्हणे नमस्कार म्हना, कुणी म्हणे बीप करून दाखवा. बीप मी करत नाही, ती मशीन करतं, हे सांगितल्यावर लोक जरा हिरमुसले. एक म्हातारी भिंतीला टेकून मला निरखत होती. ती म्हणाली, “दिसायला तर बरी हाय. फोनवर काहून इतकी तुसडी बोलती?” सगळे हसले, मीही हसले. ते वाक्य तेव्हा माझ्या कानावरून गेलं.

मला खूश व्हायला हवं होतं. पण लोक काय म्हणत होते? “वैशालीनं लई चांगली बाई ठिवली फोनात.” ठिवली! म्हणजे प्रसिद्धी माझ्या आवाजाची आणि मी तिच्या पदरी कामाला. तिच्या डोक्यावरून मायेनं हात फिरत होते, “आमचं लेकरू लई शिकलं,” म्हणून कानशिलावर बोटं मोडली जात होती, आणि मला बीप करायला सांगत होते.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, करडईची भाजी आणि ठेचा. आम्ही सांगलीकर तिखटाची फुशारकी मारतो. आमचं तिखट लाल रंगानं आधी सूचना देतं. इथला ठेचा हिरवागार, शांत, आणि दुसऱ्या घासाला माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी. काकूंनी लगेच भाकरीवर करडईचं तेल ओतलं. “सांगलीला मिरची येत न्हाई व्हय?” त्यांनी काळजीनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशालीच्या सख्ख्या मामांच्या शेतात गेलो. सगळीकडे हळद काढून शिजवायला घेतली होती, पण मामांचा एक उशिराचा तुकडा अजून उभा होता, पानं पिवळी पडत आलेली. इथं तरी आपलं काहीतरी दाखवावं म्हणून मी ऐटीत मोबाइल काढला आणि पानावर धरला. मोबाइलनं बराच विचार केला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘केळी’.

मामा सभ्य माणूस, त्यांनी वाकून बांधावरचं गवत उपटायला घेतलं. सुमनकाकू पदराआड हसत म्हणाल्या, “मोबाईलला चश्मा लागला वाटतं मुरनाल.” माझ्या नावाचं त्यांनी पहिल्या दिवसापासून मुरनाल केलं होतं. वैशालीनं मात्र गंभीरपणे सांगितलं, “सांगलीची पानं वेगळ्या उजेडात काढलीस तू, म्हणून असेल. इथले फोटो घालून बघ, सुधारेल.” ती खरंच माझ्या भल्याचं बोलत होती, आणि ते मला जास्त लागलं.

कळमनुरी

त्याच दिवशी कळमनुरीचा बाजार, म्हणून दुपारी तिकडे गेलो. वैशालीला गटविकास कार्यालयात काम होतं, म्हणून मी एकटीच बाजारात फिरले. गवार, वांगी, खारीक, दोरखंड, रंगीत प्लास्टिकच्या घागरी. मधूनच कुणाच्या तरी हळदीच्या पोत्याचा तो ओळखीचा वास येई आणि मला वडिलांची अडत आठवे.

एका कोपऱ्यात पत्र्याच्या पेटीवर बांगड्या मांडून एक वयस्कर बाई बसल्या होत्या. जुलेखाबी त्यांचं नाव. त्यांच्या सासूची सासूही याच बाजारात बांगड्या भरायची, असं त्यांनीच सांगितलं. मी समोर बसून हात पुढं केला. “हिरव्या दाखवा. फार घट्ट नकोत,” मी म्हटलं.

त्यांनी माझा हात धरला आणि सोडेनात.

“तूच ती,” त्या म्हणाल्या.

“हो, मीच फोनवाली,” मी आता सरावले होते. गालात हसून पुढच्या कौतुकाची वाट बघू लागले.

“मग आता बोल. मी तुझं काय बिगाडलं?”

“माझं?”

“मी इतक्या बार फोन केला. चक्कर येऊन राहिली, पायाला मुंग्या येऊन राहिल्या, सगळं सांगितलं. तू म्हनते, बरोबर? मी म्हनते, बराबर न्हाई, बेटी, तबियत बराबर न्हाई. तर तू म्हनते क्षमस्व. क्षमस्व म्हंजे काय गं? परत सांगितलं, परत क्षमस्व. मग फोन कट! काहून? आमची बोली चांगली न्हाई, म्हनून?”

बोलताना त्या माझा पंजा दाबून बांगड्या चढवत होत्या, आणि रागाच्या भरात एक बांगडी तडकन गेली. त्या चटकन म्हणाल्या, “वाढली, वाढली.” आमच्याकडेही बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मी तो काचेचा तुकडा उचलताना मनात म्हटलं, आता हे जर मशीनला सांगितलं तर ते बांगड्यांची संख्या वाढली असं लिहून घेईल. आणि तिथंच, हात त्यांच्या हातात असताना, मला सगळं लख्ख ऐकू आलं.

मशीन विचारतं, बरोबर? म्हणजे, मी ऐकलं ते नीट आहे ना? पण इथं बराबर म्हणजे ठीक, धडधाकट. दुखणं सांगून झाल्यावर कुणीतरी गोड आवाजात ‘बरोबर?’ विचारलं की खरोखर आजारी असलेला माणूस सांगणारच, बराबर न्हाई. मशीनला वाटतं, आपण चुकीचं ऐकलं. ते सगळं पुसतं आणि माफी मागतं. जो जरा बरा असेल तो ‘व्हय’ म्हणून सुटतो. ज्याला जास्त तकलीफ, त्याचा फोन कट.

वैशालीला हे कसं कळलं नाही तेही माझ्या ध्यानात आलं. तिचं मशीन ऐकलेलं शुद्ध करून लिहितं. पडद्यावर ‘बराबर न्हाई’ येतच नाही, ‘बरोबर नाही’ येतं. वाचणाऱ्याला वाटतं, फोन करणाऱ्यानं आपलं बोलणं दुरुस्त केलं. शिवाय ती इथलीच. दोन्ही अर्थ तिच्या कानाच्या सवयीचे. सांगलीहून आलेल्या कानालाच तो शब्द टोचणार.

मला आनंद झाला. लपवून काय करू? जुलेखाबींच्या चक्करेचा विचार मनात यायच्या आधी तो झाला. अहवालाच्या पहिल्या पानावरचं वाक्य डोक्यात तयार झालं: ‘संशोधक स्वतः त्या भागातील असूनही बोलीतील मूलभूत शब्दाकडे दुर्लक्ष झाले आहे.’ फार छान वाक्य होतं. मी ते बसल्या जागी दोनदा घोळवून बघितलं.

जुलेखाबींना मी म्हटलं, “तुम्ही उद्या केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या, मी सिस्टरना सांगून ठेवते.” मग वैशाली आली. “अय्या, काय सुंदर बांगड्या,” ती म्हणाली. “काही बोलली का जुलेखाबी? ती माझी जुनी ओळखीची.”

“काही नाही, तब्येतीचंच बोलत होत्या,” मी म्हटलं.

हिंगोली

तिसऱ्या दिवशी वैशालीनं मला हिंगोलीचा मोंढा दाखवायला नेलं. मोंढा म्हणजे आपलं मार्केट यार्ड. “तुझ्यासाठी खास,” ती म्हणाली. सांगलीच्या मुलीला हळद दाखवायला नेणं म्हणजे खरं तर उद्धटपणा, असं मी वाटेत कयाधूच्या पुलावर मनाशी म्हटलं. मोंढ्यात पाय टाकला आणि ते म्हणणं मागं घेतलं. नजर जाईल तिथं हळदीचे ढीग, हमालांच्या भुवया पिवळ्या, कबुतरं पिवळी, चहावाल्याची किटलीसुद्धा पिवळी. मी वडिलांना फोन करून ढिगांचं वर्णन केलं. ते म्हणाले, “असेल. रंगाला आपली चांगली.” त्यांचा आवाज ऐकून मला कळलं, माझा हा स्वभाव कुठून आला ते.

वैशालीनं ओळखीच्या अडत्याकडून माझ्या आईसाठी हळकुंडं बांधून घेतली. मी ती पिशवी घेऊन तिच्यामागून चालत होते आणि डोक्यात माझं छान वाक्य घोळत होतं.

परतीच्या वाटेवर आम्ही आरोग्य केंद्रात थांबलो. वैशालीचा संगणक सिस्टरच्या खोलीच्या कोपऱ्यात असतो. पडद्यावर फोनवर बोललेलं लिहून येतं आणि यादी वर-खाली हलते. मी म्हटलं, “मला आवाजही ऐकू दे की.” मला पुरावा हवा होता. तिनं विश्वासानं हेडफोन माझ्या कानाला लावला आणि ती मी सांगितल्यावरून सिस्टरशी जुलेखाबींच्या रक्ततपासणीबद्दल बोलायला वळली.

थोड्या वेळानं फोन आला. म्हातारा आवाज, मधे मधे दम खाणारा. “छातीत भरून आल्यावानी होऊन राहिलं बाई.”

“तुम्ही म्हणालात, छाती भरून येते,” मी म्हणाले. म्हणजे फोनातली मी. “बरोबर?”

“न्हाई बाई. बराबर न्हाई. कालपासून बराबर न्हाई.”

“क्षमस्व. कृपया पुन्हा सांगा.”

“आता बराबर न्हाई, म्हनून तर फोन केला, माय.”

“क्षमस्व. कृपया नंतर प्रयत्न करा.” आणि कट. पडद्यावर ‘बरोबर नाही’ उमटलं आणि ती ओळ नाहीशी झाली.

मी किती गोड आवाजात त्याला हाकललं होतं! स्वच्छ, शुद्ध, शेवटच्या ‘करा’वर किंचित हसू. बन-मस्का खाऊन दिलेलं हसू होतं ते. तो म्हातारा आता फोन हातात घेऊन बसला असेल आणि त्याच्या लेखी दार लावून घेतलं ते मी. वैशाली नव्हे, मी.

कुणाला वाटेल, मला दया आली. आली असेलही. पण आधी अंगाची आग झाली ती या विचारानं की फोनातली ही बाई माझं नाव खराब करते आहे. लोकांनी वैशालीला लेकरू म्हणायचं आणि मला तुसडी? तिनं लिहिलेल्या वाक्यापायी? क्षणभर माझं ते अहवालातलं छान वाक्य समोर आलं. चार दिवस थांबलं तर सगळं माझ्या मनासारखं होणार होतं. पण छाती भरून आलेला माणूस चार दिवस थांबत नाही, हे मलाही कळत होतं. मी हेडफोन काढून आपटला.

“वैशाली, सिस्टर, आत्ता फोन केलेल्या माणसाला परत फोन लावा. आधी लावा, मग सांगते.”

सिस्टरनी लावला. आजोबा बाळापूरच्या जवळच्याच वस्तीवरचे. सिस्टरनी दोन-चार प्रश्न विचारले आणि बाहेर बघून गाडीवाल्याला हाक मारली. आजोबांना तसंच हिंगोलीच्या दवाखान्यात हलवलं. संध्याकाळी त्यांच्या मुलानं कळवलं की डॉक्टरांनी ठेवून घेतलंय, वेळेवर आणलं म्हणाले.

मग मी वैशालीला बराबर आणि बरोबर सांगितलं. ऐकताना तिचा चेहरा उतरत गेला. ती खुर्चीत बसली आणि यादीतून गेलेल्या पण संगणकात उरलेल्या जुन्या नोंदी बराच वेळ पडद्यावर सरकवत राहिली. बरोबर नाही. बरोबर नाही. बरोबर नाही.

“मी बाळापूरची गं,” शेवटी म्हणाली. “माझी आजी रोज म्हणायची, बराबर न्हाई. आणि मी प्रश्न लिहिला तो पुस्तकातला.”

तिला रडू फुटलं. या क्षणाची मी दोन वर्षं वाट बघितली होती, आणि तो बघायला मला जमेना. मी हळकुंडांच्या पिशवीची गाठ सोडत-बांधत बसले.

पुन्हा बाळापूर

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सिस्टर आणि वैशालीनं पुसल्या गेलेल्या माणसांना एकेक करून फोन केले. जुलेखाबींच्या रक्तात साखर खूप वाढलेली निघाली, गोळ्या सुरू झाल्या. वैशालीनं बराबर न्हाई म्हणजे आजारी हे मशीनला शिकवलं आणि प्रश्नही बदलायला घेतला. बरोबर काढलं, क्षमस्व काढलं. नवा प्रश्न ठरला: ‘असंच म्हनलात ना?’

“बोल,” ती मला म्हणाली आणि मोबाइल समोर धरला.

मी घसा खाकरून म्हटलं, “असंच म्हनलात ना?”

पडवीत हशा पिकला. “इंग्रजी बोलून राहिल्यावानी वाटतं,” सुमनकाकू म्हणाल्या. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा हशा. माझा ‘म्हनलात’ चड्डी-टायवाल्या शाळेत जाऊन आल्यासारखा येत होता. काकू पीठ मळत होत्या. तशाच, वर न बघता, म्हणाल्या, “असं न्हाई बाई. असंच म्हनलात ना?”

वैशाली माझ्याकडे बघत होती. मीही तिच्याकडे बघितलं. मग मी तिचा मोबाइल धरलेला हात काकूंकडे वळवला.

काकूंच्या आवाजात सगळी वाक्यं घेतली. मागं कोंबडं ओरडलेलं तसंच ठेवलं. भिंतीला टेकलेली ती म्हातारी समाधानानं म्हणाली, “आता कसं! ती तुसडी काढली ते बरं झालं.” तुसडी समोरच बसून शेंगा खात होती. चार दिवसांपूर्वी माझा आवाज इथं वाजतो हे मला माहीतही नव्हतं, आणि आता तो काढला म्हणून माझा जीव जळत होता. एका कोंबड्यालासुद्धा त्या फोनात जागा मिळाली होती.

पुणे

अहवाल मी खरा लिहिला. दोष लिहिला, तो कसा सापडला ते लिहिलं आणि दुरुस्त झाला हेही लिहिलं. छान वाक्य गाळलं. काम सगळ्या तालुक्यांत न्यावं, असं शेवटी लिहिताना दोन वेळा उठून पाणी प्यायले. सरांनी वाचून मान डोलावली आणि म्हणाले, “बघ, वैशाली चूक कळल्यावर किती पटकन सुधारते.” माझा करपा अजून रांगेत आहे. तिथले फोटो घातल्यावर मोबाइल आता हळदीला केळ म्हणत नाही. अळू म्हणतो.

परवा वैशालीचा हिंगोलीहून निरोप आला. नवी वाक्यं चालू झालीत, एकदा पुण्याहून फोन करून बघ, काहीही दुखणं सांग, चाचणीचे फोन माझ्याकडेच येतात.

मी फोन लावला. कोंबडं ओरडलं. “कोन हाय? काय होऊन राहिलं, सांगा बरं,” काकूंचा आवाज म्हणाला. बीप वाजली.

डोकं, ताप, खोकला, काहीही सांगता आलं असतं. पण त्या आवाजानं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, “माझ्या पोटात दुखतंय.”

“पोटात दुखून राहिलं. असंच म्हनलात ना?”

“व्हय,” मी म्हटलं.

दहा मिनिटांत वैशालीचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. फाट्यावर ऐकला होता तो चढता, हसरा आवाज, पहिल्यांदाच माझ्यासाठी. “काय गं मुरनाल, पोटात दुखून राहिलं व्हय तुझ्या? कधीपासून?”

आता मशीन नव्हतं, खोटं बोलून उपयोग नव्हता. “तू लॅबमध्ये आलीस तेव्हापासून,” मी म्हटलं.

पलीकडे ती हसली नाही. मग ती हळूच म्हणाली, “माझ्या बी. पहिल्या दिवशी तू सगळ्यांसमोर उभं राहून, जीभ न घसरता, नाव सांगितलंस ना, तवापासून.”